नाकतोड्याचे ब्रेक

रविवार, २२ सप्टेंबर १९४६

आज पाचगणीहून मोटार घरी आणली. गावात तिचं नाव मी इंजिन बंद करण्याआधीच पडलं. हिरवी, लांब नाकाची, दिवे डोळ्यांसारखे पुढे आलेले, तेव्हा 'नाकतोडा'. पडू दे. ताशी ऐंशी मैल पळणारा नाकतोडा सातारा जिल्ह्यात दुसरा नाही.

कॅप्टनसाहेब विलायतेला परत चालला. इटलीच्या डोंगरात मी दोन वर्षं त्याच्या कंपनीच्या ट्रका चालवल्या आणि दुरुस्त केल्या. हवालदार कृष्णातला, म्हणजे मला, सोडून ही गाडी दुसऱ्याला द्यायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलंच होतं. पलटणीतून सुटताना मिळालेलं सगळं तिच्यात गेलं. गाडीबरोबर साहेबानं एक डबाभर सुटे भाग आणि ही कोरी डायरी दिली. गाडीचं रोज लिहीत जा म्हणाला. रोज लिहिण्याजोगं घडत नाही. घडेल त्या दिवशी लिहीन.

आईनं कपाळाला हात लावला. "पितृपंधरवड्यात कुणी नवी वस्तू आनतं व्हय रं?" म्हटलं, साहेबाचं जहाज पितरांसाठी थांबत नाही. आबांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पैशांत त्यांना खिल्लारी बैलजोडी घ्यायची होती. वैरण टाकायला निघून गेले.

मी हरणाऱ्यांतला नाही. वर्षभरात माझं वर्कशॉप उभं राहील, मग आबा बघतील.

रविवार, २९ सप्टेंबर

वर्ष कशाला? आजच दार उघडलं.

साताऱ्याच्या मोटारतळावर सांगलीचे अनंतराव भेटले. त्यांच्या बसगाड्या सांगलीहून महाबळेश्वरला जातात, म्हणजे रोज पसरणीचा घाट चढायचा आणि उतरायचा. उतरताना ब्रेक जळतात, आणि जवळपास भरवशाचा मिस्तरी नाही. त्यांना साताऱ्यात वर्कशॉप काढायचं आहे आणि ते चालवायला माणूस हवाय. तळावरचे सगळे माझ्या गाडीभोवती जमले होते, त्यात हेही. बॉनेट उघडून घेतलं, इंजिनाचा आवाज ऐकला, मग म्हणाले, "चढायचं काय, कुणीही चढवील. पाडव्याला मी पाचगणीला आहे. मला शेजारी बसवून घाट उतरा. तुमची गाडी कशी थांबते ते बघतो आणि तिथंच हो की नाही सांगतो."

मी म्हणालो, "हो म्हणायची तयारी करूनच या."

घरी येऊन लगेच चाकं काढली. तारांची चाकं आहेत. मधल्या पंखाच्या चाकीवर लाकडी हातोड्याचा घाव घातला की चाक हातात. आत ब्रेकचा ड्रम. ड्रमच्या तोंडावर बोट जाईल एवढं भोक असतं, आतलं लायनिंग किती उरलंय ते त्यातून पट्टी घालून पाहायचं. लायनिंग म्हणजे ड्रमला आतून घासून चाक अडवणारा जाड पट्टा. तोच खरा ब्रेक, बाकी सगळी त्याची नोकरमंडळी. लायनिंग अजून भरपूर आहे. किंचित कुरकुरतं, पण त्यानं काही बिघडत नाही.

आबा खांद्यावर नांगराचं जू घेऊन जात होते, ते थांबले. "लय कुरकुरत्यात रं चाकं. आन् ह्ये भोक कशाचं?"

माझ्या तोंडात स्क्रू होते आणि डोक्यात वर्कशॉप. म्हणालो, "आबा, त्यातलं तुमाला न्हाई कळायचं."

बरं म्हणाले आणि गेले. एवढ्या दिवसांत गाडीबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला शब्द.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर. खंडेनवमी

सकाळीच पेट्रोलच्या कुपनांसाठी साताऱ्याला जावं लागलं. मोटारतळ म्हणावं असं काही नाही आमच्याकडे, पाचवडच्या फाट्यावर जी गाडी थांबेल ती आपली. परतायला दुपार झाली.

अंगणात पूजा मांडून झाली होती. नांगर, कुळव, कोयते, विळे धुऊन पुसून तेल लावून ओळीनं ठेवलेले. पहिल्या महायुद्धात आबा बसऱ्याला होते, तिथलं त्यांचं पदकसुद्धा कोयत्यांच्या शेजारी. आणि ओळीच्या शेवटी माझा नाकतोडा! दिव्यांना झेंडूच्या माळा, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं, चारी चाकांना गंध. आईची माया. मोटारीला आल्या दिवशी नावं ठेवली, पण पूजेला विसरली नाही. तिला तसं म्हणालो तर हसली, "म्या कुटं, मला चुलीम्होरनं उटाय गावलं न्हाई." लाजते.

संध्याकाळी आई आबांवर कावली होती. बैलगाडीच्या आसाला घालायची एरंडेलाची बुधली सकाळी भरलेली, ती संध्याकाळी कोरडी ठणठणीत. आबा म्हणाले, "सनाचं तेल मोजत्यात व्हय?" या दोघांची भांडणं अशीच तेलामिठाची.

शनिवार, ५ ऑक्टोबर. दसरा

हे लिहून ठेवलंच पाहिजे.

सोनं द्यायला वाईला निघालो. दिमाखात. बाजाराच्या तोंडाशी वेग कमी करायला ब्रेक दाबला. गाडी तशीच पुढे! पुन्हा दाबला. पाय खाली जात होता तसा जात होता, दाब लागत होता, पण चाकं जुमानत नव्हती. समोर झेंडूवाल्यांची रांग. हँडब्रेक ओढला, तोही फुकट. शेवटी एक कडब्याची गाडी उभी होती, तिच्या मागच्या अंगात नाक घातलं. बैल सोडलेले होते, माणूस जवळ नव्हता. देवानं वाचवलं, आणि थोडं मीही.

कडबेवाला म्हणाला, "नाकतोडाच हाय, कडब्यातच जानार." सगळा बाजार हसला. मीही हसलो. त्या वेळी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

रोगाचं मूळ सापडलं. ड्रम उघडले तर चारी लायनिंगं तेलानं चिंब. बोट लावून वास घेतला. एरंडेल! आता शहाण्यालाच ठाऊक असतं की या गाडीच्या ब्रेकच्या नळ्यांतून जे तेल फिरतं त्यात एरंडेलच असतं. म्हणजे चाकांजवळच्या रबरी वाट्या गळतायत. साहेबाच्या डब्यातून नव्या वाट्या काढून चारी ठिकाणी बसवल्या. जुन्या वाट्या चांगल्या दिसत होत्या, वरच्या टाकीतलं तेलही कमी झालेलं दिसत नव्हतं. पण दिसण्यावर जाऊ नये.

चिंब लायनिंग मात्र गेलं. पेट्रोलनं धुतलं, चुलीत भाजलं, तर भाकरीसारखं फुगून त्याला चिरा पडल्या. आबा लांबून पाहत होते. "एवढं तेल, तरी बी थांबंना व्हय?" असं काहीतरी पुटपुटले. टोमणा होता. मी लक्ष दिलं नाही.

नवं लायनिंग पाहिजे. पाडव्याला अजून अवकाश आहे. मिळवीन.

गुरुवार, १० ऑक्टोबर

साताऱ्यात मोटारीच्या सामानाची म्हणून जेवढी दुकानं आहेत तेवढी पालथी घातली. लढाईपासून विलायती माल येत नाही, हे प्रत्येकानं मला नवी बातमी असल्यासारखं सांगितलं. एकानं मोटेचं जाड कातडं दाखवलं. "हे लावा, विहिरीतनं पाणी ओढतं, गाडी नाही ओढून धरणार?" दुसऱ्यानं काथ्याचा पट्टा विणून देतो म्हटलं. तिसरा भला माणूस, तो म्हणाला, "या गाडीला घोडाच जोडा."

घरी आलो तर गाडीवर घोंगडं पांघरलेलं. रात्री दव पडतं म्हणून. आईला गाडीची आता काळजी वाटायला लागली आहे, हे एक बरं. घोंगडं आबांचं घेतलं तिनं, त्यामुळे आबा गोधडीवर भागवतायत. कुरकुर ऐकू आली नाही अजून.

सोमवार, १४ ऑक्टोबर. सांगली

काल सातारा रोड स्टेशनवरून आगगाडी धरली. मिरजेला उतरलो. स्टेशनाबाहेर लष्कराचा मोडीत काढलेला माल घेणारा एक व्यापारी आहे असं कळलं होतं. त्याच्याकडे तंबू, तसराळी, बूट, एका पायाचे बूट, सगळं होतं. लायनिंग नव्हतं. "सांगलीला हरणाबाईकडं बघा," म्हणाला. तंबोरेवाल्यांच्या गल्लीतून चालत निघालो. एक म्हातारा भोपळ्याला रोगण लावत होता, मला त्याच्या रोगणापेक्षा त्याची दांडी धरायची पकड आवडली. ब्रेकवाल्याला सगळीकडे पकडच दिसते.

हरणाबाई म्हणजे सांगलीच्या बाजारामागं मोडीचं दुकान चालवणारी विधवा. ठेंगणी, तोंडात तंबाखू, आवाज सुभेदाराचा. नवऱ्याच्या मागं दुकान तिनं दुप्पट केलं असं तिनं स्वतःच सांगितलं. एका गुंडाळीवर मांडी घालून बसली होती.

"लायनिंग? तारंचं विनलेलं? हाय की. आत हुडिक."

आत हुडकलं. गुऱ्हाळाच्या इंजिनाचे भाग, बसचे पाटे, घंटा, एक पाळणा. कपडे काळे झाले. बाहेर आलो. "न्हाई गावलं, मावशी."

"नीट बघितलंस का?"

पुन्हा गेलो. पुन्हा आलो. ती तंबाखू थुंकायला म्हणून उठली, आणि मला तिच्या बैठकीतली पितळी तार चकाकताना दिसली. लायनिंगची अख्खी गुंडाळी! लष्करी, जाड, तारांनी विणलेली, कोरी. बाई वर्षभर तिच्यावर बसत होती.

"अगं मावशी, ह्यावरच बसलीयास की तू!"

"व्हय? मला वाटलं चऱ्हाट हाय. बसाय लय ग्वाड हाय."

खरं तर तिला माहीत होतं, माझी हौस बघत होती, अशी मला शंका आहे. घासाघीस केली, तिनं मागितलं तेवढंच शेवटी दिलं. वर तिची एक अट. ब्रेक लागल्यावर पहिला फेरा तिचा. हो म्हटलं. सगळी गुंडाळी नको होती, मापानं कापून घेतली. बाकीची तिनं पुन्हा खाली घेतली आणि वर बसली. "ऱ्हाऊ दे. परत येशील तू. मोटारवाले परत येत्यात."

मी म्हणालो, "मी न्हाई यायचा, मावशी. एकदा बसवलं की दहा वर्षं बघाय नगं."

शनिवार, १९ ऑक्टोबर

पट्टा रुंदीला जास्त होता, तो करवतीनं कापला. ड्रमच्या आत लोखंडी कमानी असतात, त्यांना ब्रेकचे बूट म्हणतात; त्यांवर वाकवून बसवला. तांब्याचे रिवेट साताऱ्याच्या तांबटआळीत करून घेतले. रिवेटचं डोकं पट्ट्यात खोल बसलं पाहिजे, नाहीतर ड्रम खरवडतो. सगळं मनासारखं बसलं. काम करताना शीळ घालत होतो. आबा बैल पाण्यावर नेताना दोनदा वाट वाकडी करून गेले.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

फाट्यापर्यंत नेली. ताशी साठ मैलांच्या वेगात ब्रेक दाबला. गाडी खुंटीला बांधल्यासारखी उभी! टोपी उडून पुढे पडली. पुन्हा, पुन्हा. एका रेषेत थांबते. नवं आहे म्हणून कुरकुरतं, आधीपेक्षा जास्तच, पण आवाजाला कोण विचारतो.

हरणाबाईचा पहिला फेरा राहिला. एवढ्यासाठी सांगलीपर्यंत पेट्रोल कोण जाळतो? पाडव्यानंतर बघू.

संध्याकाळी अनंतरावांना तार केली की येतो. घरी येऊन सांगितलं, "पाडव्याला पाचगणी. उतरताना अनंतराव शेजारी." आणि मनात आलं म्हणून म्हणालो, "आबा, तुमी बी चला. मागं बसा."

वाटलं नाही म्हणतील. ते बराच वेळ पागोट्याचा पदर नीट करत होते. मग म्हणाले, "घाट लय हाय न्हवं? चाकांस्नी सोसंल का?"

"सोसंल. तुमी काळजी करू नगा."

गुरुवार, २४ ऑक्टोबर. नरकचतुर्दशी

पहाटे आईनं उटणं लावून रगडून काढलं. पलटणीत सात दिवाळ्या गेल्या, आंघोळीची ही मजा विसरलो होतो. बैलांच्या शिंगांनाही तेल लागलं होतं, गोठ्यात चकाकत होती. चिरोटे खाताना आई आबांना म्हणाली, "लागलं का समद्यास्नी?" आबा म्हणाले, "समद्यास्नी. घरातलं कुनी ऱ्हायलं न्हाई." मोठ्या समाधानानं म्हणाले. हात अजून तेलकट होते, चिरोटा निसटत होता.

मी गाडी एकदा फिरवून आणतो म्हटलं, तर आबा आडवे आले. "आवसंची गाडी भाईर काढू नगंस." आज अमावास्या लागली आहे खरी. ऐकलं. सणाच्या दिवशी वाद नको. शिवाय बघायचं राहिलंयच काय!

लक्ष्मीपूजन झालं. उद्या या वेळेपर्यंत वर्कशॉप माझं.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर. पाडवा

नीट, क्रमानं लिहितो.

उजाडता निघालो. आबा मागच्या सीटवर, नवं पागोटं, हात मांडीवर, फोटोला बसल्यासारखे. वाईत ब्रेक जरा मऊ वाटला. नवं लायनिंग ड्रमला घासून बसायला वेळ घेतं, त्याला मऊपणा येतो. माझी खात्री होती. चढताना ब्रेकचं काम पडलं नाही. पाचगणीत गाडी चढावर उभी केली, तिथंही पडलं नाही.

अनंतराव बसले. घाटमाथा सोडला. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला, गाडीनं थोडं ऐकलं. दुसऱ्या वळणाला काहीच ऐकलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी वाईच्या बाजारात जे झालं तेच. फक्त इथं कडब्याची गाडी नव्हती. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी आणि खाली कृष्णेचं खोरं उन्हात पसरलेलं.

इटलीत शिकलेलं हातापायांनी आपोआप केलं. क्लच, मोकळा गियर, इंजिन वाढवून पुन्हा क्लच, खालचा गियर. इंजिन ओरडलं, गाडी आवरली. आणखी एक खालचा. वळणं कड्याच्या अंगानं कापली. एका वळणावर म्हशी होत्या, हॉर्न दाबून धरला, त्यांनी मनावर घेतलं म्हणून वाट मिळाली. अनंतराव टायरच्या तुटवड्याबद्दल बोलत होते, त्यांनी एकाएकी दोन्ही हातांनी पुढची फळी धरली.

आणि मागून आबांचा आवाज आला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, जत्रेत शर्यतीचे बैल सुटल्यावर पोरं ओरडतात तसा. "बघ किस्ना, बघ! कशी सुटलीया! अजाबात कुरकुर न्हाई!"

कुरकुर नाही. खरंच नव्हती. त्याच क्षणाला मला वास आला, तापलेल्या एरंडेलाचा. आणि सगळं एकदम समजलं. रिकामी बुधली. चाकांवरचं गंध. तेलकट हात. घरातलं कुणी राहिलं नाही. रबरी वाट्या कधी गळल्याच नव्हत्या. आबांनी ड्रमचं भोक पाहिलं होतं. साहेबानं भोक ठेवलंय ते तेल घालायलाच असणार, पोरगं नव्या चाकाला विसरलंय, म्हणून चाक कुरकुरतंय. बैलगाडी लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी आसाला तेल घालणारा माणूस दुसरं काय करील? खंडेनवमीला घातलं, दिवाळीला घातलं. गाडीकडे ज्यांनी बघितलंच नाही असं मी समजत होतो, त्यांनी.

आणि त्यांनी विचारलंही होतं. हे भोक कशाचं म्हणून विचारलं होतं. काय उत्तर दिलं मी?

घाट संपला. सपाटीला गाडी हळू झाली, इंजिन बंद केलं तिथं थांबली. अनंतराव उतरले, रुमालानं मान पुसली. "तुम्ही ब्रेकला पाय लावला नाहीत. हिंमत दाखवत होतात का? मला हिंमतवाले नकोत. हिंमतवाले माझ्याकडे खूप आहेत."

हो म्हटलं असतं तर हिंमतवाला ठरलो असतो. खरं ते सांगितलं असतं तर आबा मागे बसलेले, सणाचं पागोटं घालून.

मी म्हणालो, "लावला होता. ब्रेक लागलाच नाही. लायनिंगला तेल लागलंय. निघण्याआधी ड्रम बघायला हवे होते, बघितले नाहीत. चूक माझी आहे."

"तेल कुठून आलं?"

"माझ्या चुकीनं आलं."

त्यांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "ब्रेक नसताना माझ्यासारख्याला खाली आणलंत, त्याबद्दल आभार. पण वर्कशॉप त्यावर देता येत नाही. तुळशीच्या लग्नाआधी मी पुन्हा पाचगणीला येणार आहे. ब्रेक असलेली गाडी आणा. तेव्हा काय ते ठरवू." वाईची बस येत होती, तिला हात करून गेले.

गियरवर गियरवर घरी आलो. आबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या, उन्हानं शिणले असतील. घरी आल्यावर आईनं विचारलं कशी झाली, तर तेच आधी म्हणाले, "झ्याक झाली," आणि पागोटं काढून गोठ्याकडे गेले.

त्यांना काही सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे.

रविवार, २७ ऑक्टोबर

आबा ऊस बघायला गेले तेवढ्यात ड्रम उघडले. एरंडेल खाली ठिबकलं, त्यावर माती टाकली. चिंब लायनिंग सोलून काढलं आणि गंजीच्या मागं खोल दडवलं. वास जावा म्हणून राखेनं हात धुतले. पलटणीत दारूच्या बाटल्या लपवणाऱ्यांना मी पकडून देत असे, आज त्यांची कला कामी आली. आबांना पत्ता लागणार नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर. सांगली

हरणाबाई गुंडाळीवर बसलेली. मला लांबूनच ओळखलं.

"दहा वर्सं सरली व्हय रं?"

"सरली, मावशी."

"पयला फेरा माजा म्हनला हुतास. दिलास का? न्हाई. मग? भोग आता." पण उठली, कापून दिलं, आणि या वेळी घासाघीस करू दिली नाही, आपणच कमी केलं. विचारलं, "कुनी बिगडवलं?" मी म्हणालो, "घरच्यांनीच, मायेनं." ती म्हणाली, "मग पट्टा हाय तवर हाय, लागंल तेवडा न्हे. बिनमायेचं मोडलेलं आसतं तर दिला नसता."

बाईला मी नाकतोड्यातून मिरजेच्या स्टेशनापर्यंत आणि परत फिरवणार आहे. शब्द दिला आहे आणि या वेळी पाळणार आहे.

सोमवार, ४ नोव्हेंबर

काल संध्याकाळी लायनिंग बसवून झालं. फाट्यापर्यंत नेऊन पाहिली. पुन्हा खुंटीला बांधल्यासारखी उभी राहते, पुन्हा कुरकुरते. मनाशी म्हटलं, कुरकुर कितीही गोड वाटली तरी आबांना ऐकू जाणार, आणि परवाच पाचगणी. आजची रात्र गाडीशेजारी झोपावं का, असा विचार करून शेवटी लाज वाटली आणि घरात झोपलो.

सकाळी उठून धावतच गेलो. घोंगडं पांघरलेलं होतं. ते आईनं नव्हतं पांघरलं, हे आता कळायला मला दिवाळी उलटावी लागली. चाकांपाशी वाकलो.

चारी ड्रमच्या चारी भोकांत खुंट्या ठोकलेल्या. बाभळीच्या. तासून, गोल करून, भोकाच्या मापाला अशा बसवलेल्या की नखानंसुद्धा हलू नयेत. बाहेर आलेलं डोकं कापून सपाट केलेलं.

गंजीमागं गेलो. दडवलेलं लायनिंग तिथं नव्हतं.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. घाटाखालीच कळलं असणार, मी 'तेल लागलंय' म्हणालो तेव्हा. आणि मी समजत होतो, भूक लागली आहे. दहा दिवस ते माझ्याशी ऊस, पाणी, बैल यांबद्दल बोलत राहिले, आणि मी त्यांच्यापासून लपवत राहिलो.

आबा विहिरीवर तोंड धूत होते.  शेजारी बसलो आणि म्हणालो, "आबा, ते भोक लायनिंग बघायचं असतं. आत पट्टा असतो, त्यो घासला की चाक थांबतं. त्येला तेल चालत न्हाई. तवाच सांगाय पायजे हुतं म्या."

ते म्हणाले, "व्हय." मग चूळ भरून म्हणाले, "मग बाकीच्या कुटल्या जागी तेल लागतं?"

स्प्रिंगच्या पाट्यांच्या खिळांना, पुढच्या चाकांच्या सांध्यांना, दारांच्या बिजागऱ्यांना. एकेक जागा बोट लावून दाखवली. साहेबाच्या डब्यातली ग्रीसची पितळी पिचकारी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बसऱ्याची बंदूक असल्यासारखी उलटसुलट करून पाहिली. दोन्ही बाजूंचे पाटे संपवले तेव्हा आई न्याहारीला तिसऱ्यांदा हाका मारत होती.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

घाट उतरलो. प्रत्येक वळणाच्या आधी गाडी पार उभी केली, मुद्दाम. अनंतराव दुसऱ्या वळणाला पुढे कोलमडले, मग त्यांनी दाराला धरून ठेवलं. मागं आबा. या खेपेला ओरडले नाहीत. कान देऊन बसले होते. खाली आल्यावर म्हणाले, "कुरकुरती, पन थांबती." मी म्हणालो, "थांबती म्हनून कुरकुरती, आबा."

अनंतराव उतरून गाडीभोवती फिरले. चाकापाशी वाकले आणि तारांमधून बोटानं टकटक केलं. "हे काय? लाकूड?"

मी बोलण्याआधीच आबांनी मान खाली घातली.

लायनिंग तपासायला ते भोक लागतं. कुठलाही मिस्तरी या खुंट्या काढून फेकील. मी म्हणालो, "खुंट्या आहेत. आमच्या वडिलांनी बसवल्यात. घाटात धूळ, पाणी, तेल, काहीही आत जात नाही. साताऱ्याला वर्कशॉप झालं की तुमच्या बसगाड्यांनाही बसवून देऊ."

अनंतरावांनी पुन्हा टकटक केलं. "वर्कशॉप झालं की, असं म्हणालात का? बरं. झालं म्हणा." मग आबांकडे वळून म्हणाले, "आमच्याकडे साग पडलाय पुष्कळ. सागाच्या चालतील ना?"

आबांनी मान वर केली. पागोटं नीट केलं.

"सागाच्या न्हाई चालायच्या, सायेब. बाभळीच्याच पायजेत. त्यातलं तुमाला न्हाई कळायचं."